त्राटिकेचं नाक

माझ्या मायचं तोंड माझ्या तोंडावर बांधून मी भर गावात नाचलो आहे. एकदा नाही, गुडघे चालत होते तोवर दर साली. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. आमचं गाव कधीच हसून मोकळं झालेलं आहे.

हे ज्याच्यामुळे झालं त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं गावात एकालाही कधी नावानं हाक मारली नाही. कुणी 'चपटा', कुणी 'वाकडा जबडा', पाटलाला तोंडावर 'दोन हनुवट्या'. मला तो 'बिनमानेचा' म्हणायचा. मग मी तरी त्याचं नाव का घेऊ? आम्ही त्याला मिस्तरी म्हणायचो, इथंही मिस्तरीच म्हणतो.

मूळचा तो नंदुरबारचा. घर खराद्यांचं, मुसलमान. पाळण्याचे खूर, लाटणी, पोरांचे भोवरे, असली लाखेच्या रंगाची कामं त्याच्या घरात बापजाद्यापासून चालायची. मोहरमचा ताबूतही त्याचे भाऊच बांधायचे. एका साली मिस्तरी म्हणाला, ताबुताचा घुमट कलला आहे. भाऊ म्हणाले, नाही कलला. यानं काय करावं? भर मिरवणुकीत ताबूत थांबवला आणि वर चढून ओळंबा सोडला. पुढं ढोल, मागं माणसं, आणि मधे हा एक डोळा मिटून दोरीकडं बघतोय! घुमट कललेला होता की नाही हे मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्यानंतर भावांनी त्याला घरात घेतला नाही.

मग तो आमच्या गावी आला. आमचं गाव रनाळ्याच्या वाटेवर, लहानसं. नाल्याच्या काठी त्यानं गाडी थांबवली, खाली उतरून माती उचलली, चाटून पाहिली, आणि गाडीवानाला म्हणाला, "सामान उतार." एवढ्यावर तो आमच्या गावचा झाला. गावाला विचारलं नाही. गावानंही मग विचारलं नाही.

त्याच्या बाराबंदीला एकच खिसा शाबूत होता आणि त्यात कायम ओल्या मातीचा गोळा. तुमच्याशी बोलताना तो गोळा बाहेर काढायचा. डोळे तुमच्याकडं, बोटं गोळ्यात. तुम्ही पाऊसपाण्याचं बोलत असायचात आणि त्याच्या मुठीत तुमचं तोंड तयार होत असायचं. बोलणं संपलं की तो ते तुमच्यासमोरच चेंदून पुन्हा गोळा करायचा आणि खिशात टाकायचा. आपल्याला कुणी चिरडून खिशात टाकतंय हे बघायला बरं वाटत नाही. आमचे कुळकर्णी तर त्याच्याशी पाठ फिरवूनच बोलायचे.

हाताला लागेल त्याचं तो काही ना काही करायचा. माती, लाकूड, चिंध्या, रद्दी, वाळका भोपळा, बैलाचं शिंग. पण एक अट. "हवामातला चेहरा मले येत नहीं. चेहरा आन, मंग करसू." देवाचा असो, राक्षसाचा असो, जनावराचा असो, त्याला समोर खरा पाहिजे.

पोळ्याला मातीचे बैल तोच करायचा. दुसऱ्या गावचे बैल कसे, गुबगुबीत, सगळे एका आईचे. आमच्या गावचे बैल ज्याचे त्याला ओळखू यायचे. कुणाचा शिंगमोड्या, कुणाचा पोट खपाटीला गेलेला. एकदा आमच्या गल्लीतला एक जण तणतणत गेला.

"मिस्तरी, मन्हा बैल लंगडा कसाले कया?"

"तुन्हा बैल लंगडा शे."

"अरे पन पूजाना पाटवर तरी त्याले सिधा कर ना!"

"पह्यले गोठामा सिधा कर. मंग मी पाटवर करसू."

तोरणमाळकडचा एक पावरा म्हातारा नवसाचा मातीचा घोडा करून घ्यायला एवढ्या लांबून खाली उतरून आला होता. घोडा बघून बिचाऱ्याचं तोंड उतरलं. आमच्या बोलीत अडखळत म्हणाला, घोडा बारीक आहे. मिस्तरीनं मान वर केली नाही. म्हणाला, "तुम्हना डोंगर चढीसन घोडा जाडा कसा ऱ्हाई?" म्हाताऱ्यानं विचार केला, हसला, आणि घोडा डोक्यावर घेऊन गेला. पुढच्या साली दुसरा घोडा सांगायला तोच आला. नवस फळला होता. मिस्तरी मला म्हणाला, "देख, देवले अक्कल शे. तुम्हना गावलेच नहीं."

असा माणूस. आता मुख्य गोष्टीकडं येतो.

आमच्याकडं सोंगं निघायची. नव्या लोकांना सांगावं लागेल, म्हणून सांगतो. चैत सरता सरता, शेतात काम नसतं तेव्हा, गावचे पुरुष देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून संबळाच्या ठोक्यावर चौकात नाचायचे. रात्रभर चालायचं. उजाडताना शेवटी त्राटिका राक्षसीण निघायची, राम तिला तुराटीच्या बाणानं मारायचा, की गाव झोपायला मोकळं. एकेक सोंग एकेका घरचं. बाप गेला की मुलगा नाचणार. गणपती पाटलांचा, राम वाण्याचा, आणि त्राटिका आमची. राम व्हायला काय लागतं हो? धनुष्य धरून उभं राहिलं की झालं. त्राटिकेला नाचावं लागतं! आमच्या घरात तीन पिढ्या नाचल्या आहेत आणि एकही पिढी ठोका चुकलेली नाही.

नियम असा, की ज्या साली ज्याचं सोंग निघालं नाही त्याचा मान गेला. मग पंच देतील त्याला तो मान. माझा एक चुलतभाऊ या एकाच आशेवर जगत होता. दर साली सोंगांच्या आधी तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला यायचा.

मिस्तरी आल्यापासून गावचे जुने मुखवटे एकेक करून त्यानं बदलले. आधी मातीचा साचा, त्यावर चिंध्या आणि कुटलेला कागद, चिंचोक्याची खळ, मग खडू आणि रंग. खळीत मेथी घालायचा, म्हणजे उंदीर तोंड लावत नाहीत. मुखवटे एकापेक्षा एक, पण सगळी तोंडं गावातलीच. वेताळ म्हणजे हुबेहूब आमचा कोतवाल. नारसिंहाला गावच्या न्हाव्याचे डोळे. आणि रामाचा चेहरा कुणाचा, तर शेजारच्या गावच्या एका गड्याचा, जो आमच्या शिवारात शेंगा चोरताना सापडला होता. त्याला लिंबाला बांधून ठेवला होता, तेव्हा मिस्तरी समोर बसून निवांत काम करत होता.

वाणी रडकुंडीला आला. "चोरनं तोंड रामले?"

"देखणा शे का नहीं?"

"शे, पन…"

"मंग? चोरी हातानी कयी. तोंडानी काय कयं?"

आमची त्राटिका तेवढी जुनी राहिली होती. मेथीच्या आधीची. एका साली सोंगं तोंडावर आली, मी माळ्यावरून मुखवटा काढला, तर उंदरांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा खाल्लेला. जीभ तेवढी उरली होती, लाकडाची होती म्हणून. चुलतभावाला हे कुणी सांगितलं देव जाणे. दुपारच्या आत तो तब्येत विचारायला हजर.

मी मिस्तरीकडं गेलो. तो म्हणाला, "चेहरा आन." आता त्राटिकेला चेहरा द्यायला कोण तयार होणार? गावात तशा बायका कमी नव्हत्या, पण विचारायला जाणारा परत आला असता का? मी हात जोडले, म्हणालो, मिस्तरी, एवढा एक डाव मनानं करा, माझ्या घरचा मान चालला. तो खिशातला गोळा चाळवत बसला. मग म्हणाला, "जाय. व्हई जाई."

इथं माझ्या मायचं सांगावं लागेल. मिस्तरी माती काढायचा ती आमच्या शेताच्या बांधाखालून. खड्डा वाढत वाढत बांधाच्या पोटात शिरला होता. माझी माय रोज सकाळी शेतात जाताना बांधावर उभी राहायची, पदर खोचायची आणि खाली खड्ड्यातल्या मिस्तरीला जे बोलायची ते रनाळ्याला ऐकू जायचं.

"तुन्हा मुडदा बसो! मन्हा बांध खाई ऱ्हायना तू! उद्या पानी उनं म्हंजे मन्हं वावर तुन्हा घरमा जाई का रे?"

आणि हा खालून मान वर करून शांतपणे बघायचा. म्हणायचा, "बोल बाई, बोल. जरासं तोंड आजून उघड."

मायला वाटायचं मेला निर्लज्ज आहे. मलाही तेच वाटायचं.

सोंगांच्या दिवशी, दिवे लागायच्या आधी, मिस्तरी फडक्याखाली मुखवटा घेऊन चौकात आला. सगळं गाव जमलेलं. पंच पारावर. चुलतभाऊ पायाला घुंगरं बांधूनच आलेला, न जाणो संधी मिळाली तर! मिस्तरीनं फडकं काढलं.

गावानं माना पुढं काढल्या. मग मागून एक पोर ओरडलं, "अरे, हाई ते आजी शे!"

भुवया तिच्या. कपाळावरची उभी आठी तिची. बोलताना डावा ओठ वर जायचा, तो तसाच गेलेला. तोंड सताड उघडं, की आता शिवी पडते आणि मग पडते. तांबड्या रंगात, दात बाहेर, पण ती. गाव जे हसलं, जे हसलं! कोतवाल पारावरून खाली पडला. माझं एक मन म्हणत होतं, मिस्तरीला त्याच्याच खड्ड्यात गाडावा. दुसरं मन म्हणत होतं, गाडलास तर नाचशील काय बांधून? चुलतभाऊ जवळ येऊन अगदी मायेनं म्हणाला, "दादा, ऱ्हाऊ दे. सोतानी मायले राक्षसीन करीसन कोन नाचस? मी दुसरा मुखोटा आनेल शे."

तेवढ्यात बायांची गर्दी दुभंगली आणि माय पुढं आली. हसणं जिथल्या तिथं थांबलं. तिनं मिस्तरीच्या हातातून मुखवटा घेतला. हात लांब करून पाहिला, जवळ आणून पाहिला, उलटा करून आतूनही पाहिला.

"हाई मी शे."

"शे," मिस्तरी म्हणाला.

"मंग हाई नाक कोननं शे?"

"तुन्हंच शे."

"मन्हं? हाई बसेल भाकर मन्हं नाक?" तिनं मान वळवून बोटानं आपलं नाक दाखवलं. "मन्हा बापना घरनं नाक शे हाई. ईळासारखं. आख्खा गावमा असं नाक नहीं!"

"मन्हा हात चुकस नहीं."

"हात नहीं चुकना, ते डोया चुकना!"

"नाक बराबर शे."

"नहीं शे!"

दोघं नाकावर अडून बसली. राक्षसीण केल्याचं कुणाच्या ध्यानातच नाही! पंचांनी शेवटी हात जोडले. तेव्हा मायनं मुखवटा माझ्या छातीवर आपटला.

"बांध. लाजस काय? तोंड मन्हं शे, तुन्हं नहीं. आनि देख, त्या शेंगाचोरना एक बाणमा पडशी, ते मन्हा घरमा पाय ठेवू नको."

पहाटे मी नाचलो. राम झालेल्या वाण्यानं बाण मारला, मी पडलो नाही. दुसरा मारला, पडलो नाही. गावाला कळेना हे काय चाललंय. मग बायांतून माय ओरडली, "आजून मार, आजून!" आणि गावाचा जीव त्यात आला. बाणांचा भाता अर्धा रिकामा झाला तेव्हा कुठं त्राटिका पडली. तेव्हापासून आमच्या गावची त्राटिका एका बाणात मरत नाही. आसपासच्या गावांची लगेच मरते. त्यांना मी काही बोलत नाही.

मान राहिला. नाक मात्र मिटलं नाही. पुढं किती वर्षं ती दोघं एकमेकांना दिसली की रामराम नाही, सलाम नाही. ती बांधावरून ओरडायची, "मिस्तरी, नाक!" हा खड्ड्यातून, "बराबर शे!" मिस्तरीला ईदेला शेवया जास्त झाल्या की तो आमच्याकडं पाठवायचा. माय भांडं घासून परत देताना निरोप द्यायची, शेवया चांगल्या होत्या, नाक चुकलं आहे. एकदा मीच म्हणालो, मिस्तरी, एवढी बोटभर खळ लावा आणि म्हातारीला गप्प करा. तो माझ्यावर असा उसळला की काय सांगू. "घुमटना टाइमले भाऊ बी हाईच सांगेत. आम्ही म्हनतस तसं म्हन आनि गप बस. मी म्हनतू ते आज नंदुरबारमा ऱ्हातू!" त्यानंतर मी त्या भानगडीत पडलो नाही. मी काय कमी हेकट आहे? पण त्या दोघांपुढं मी कुठंच नाही.

मग लढाईचे दिवस आले. घासलेट मिळेना, कागद मिळेना. त्याच साली फाल्गुनात माय तापानं गेली. चारपाच दिवसांत आटोपलं. शेवटपर्यंत बोलत होती, आणि बोलण्यातलं बरंचसं लोकांच्या चुकांविषयी होतं.

तिला अंगणात ठेवली होती तेव्हा मिस्तरी आला. तो कधी मयताला जायचा नाही. म्हणायचा, मेलेल्याचा चेहरा खोटा असतो, त्यात काय बघायचं. त्या दिवशी आला. तिच्या बाजूला उभा राहून वाकून बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला तोंड मिटलेली पाहिली असेल. खिशात हात गेला, पण गोळा त्यानं बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सुतकात बसलेलो. मिस्तरी एका हातात खळीचं मडकं घेऊन सरळ घरात शिरला. शिडी लावली, माळ्यावरून त्राटिका काढली. माझी आत्या ओरडली, "अरे मिस्तरी, घरमा सुतक शे! देवनी वस्तूले हात नको लाऊ!"

"मले कसानं सुतक?" तो म्हणाला. "मी काय तुम्हना भाऊबंद शे?"

ओसरीवर बसला, पटाशी काढली आणि एका ठोक्यात मुखवट्याचं नाक उडवलं. आत्यानं कानावर हात ठेवले. मी उठलो. तो मान वर न करता माझ्या बायकोला म्हणाला, "कागद नहीं शे. चिंधी दे." बायको आत गेली आणि मायच्या लुगड्याचा पदराकडचा तुकडा फाडून घेऊन आली. मिस्तरीनं तो खळीत भिजवला. घडी घातली, मुडपली, अंगठ्यानं ओढली. उंच, बाकदार, विळ्यासारखं नाक त्याच्या बोटातून वर आलं. त्याला वेळ लागला. त्याचे हात एवढे हळू चालताना मी कधी पाहिले नव्हते.

"जल्मभर खड्डामातून देखं," तो मुखवट्याकडं बघतच म्हणाला. "खालतून. काल वरतून देखं, आडवं."

त्यानं मुखवटा माझ्यापुढं ठेवला.

"डोया चुकना व्हता," मडकं उचलत तो म्हणाला. आणि दारातून मागं वळून, मोठ्यानं, सगळ्या सुतकवाल्यांना ऐकू जाईल असं, "हात नहीं!"

महिन्याभरात सोंगं आली. चुलतभाऊ यंदाही घुंगरं बांधूनच आला आणि पंचांपुढं त्यानं बरोबर मुद्दा काढला. "याना घरनं वरीस फिरं नहीं. सुतकी घर नाचस का कधी? यंदा त्राटिका मी काढसू." पंच माना हलवायला लागले. नियमानं तो खरा होता, हे मलाही कळत होतं. पण नियम करणाऱ्यांपुढं कधी माझी माय आली नव्हती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ठीक शे. काढ. मन्ही माय तू तुन्हा तोंडवर बांध. ती बांधू दी का, तेवढं तिले इचारी ले."

मी मुखवटा त्याच्या पुढं धरला. नवं नाक, वर गेलेला ओठ, उघडं तोंड. त्यानं हात पुढं केला. मुखवट्याकडं पाहिलं. लहानपणी आमच्या बोरी झोडल्या म्हणून याच तोंडाचा त्यानं किती डाव मार खाल्लेला. हात तसाच मागं गेला. पायातली घुंगरं सोडून तो म्हणाला, "काकी शे. मी कसा…" पंचांनी पुढं विचारलं नाही.

घासलेट नव्हतं म्हणून त्या साली सोंगं उजाडल्यावरच काढली. लख्ख उजेडात. मी मुखवटा बांधून चौकात आलो. मुखवट्याच्या आत खळीचा आणि लुगड्याचा वास होता. संबळ वाजायला लागला. मुखवट्याच्या भोकांतून मला समोर बायांची रांग दिसत होती, पुढं माझी बायको. मी तिच्यासमोर आलो आणि मायसारखी मान वळवली, आडवी.

बायकोनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि उठून उभी राहिली. सासू आली की उठायची, तशी. कुणी हसेल म्हणून मी थांबलो. तिच्या मागं दुसरी उठली, मग तिसरी. गावच्या सगळ्या सुना पदर ओढून उभ्या. पाराखालून मिस्तरीचा आवाज आला, "आते देखा, बराबर शे का नहीं!" त्याला उत्तर देणारी नव्हती. तो वाट बघत राहिला असावा, कारण पुन्हा एकदा तेच म्हणाला, जरा हळू.

मग वाण्यानं रामाचे बाण सोडायला सुरुवात केली. पहिला लागला, मी नाचत राहिलो. पाचवा, दहावा, मी नाचतोच आहे. भाता रिकामा झाला, पोरांनी बाण गोळा करून आणून दिले, तेही संपले. ऊन चौकात आलं, पारावर चढलं. शेवटी रामानंच धनुष्य खाली ठेवलं, मुखवटा काढला आणि प्यायला पाणी मागितलं.